नालबंदाच्या चाकूची मूठ

'वज्रलेप' हा शब्द आपण हल्ली फार सैल हाताने वापरतो. कोणाचा अपमान वज्रलेप होतो, कोणाचा शब्द वज्रलेप ठरतो. पण असे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा काहीच नसते. मुळात वज्रलेप हा खराखुरा पदार्थ होता. राळ, डिंक, लाख आणि कसल्याकसल्या फळांचा गर कढवून केलेला दाट काढा. जुने वास्तुकार तो गरम असताना देवळाच्या दगडांना लावीत आणि मग सांधा हलत नसे. दोन वस्तू एक करणारा आणि पुन्हा दोन होऊ न देणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. वरून फासलेल्या रंगाला वज्रलेप म्हणत नाहीत.

दोन नळ्यांत मिळणारे जे इपॉक्सी म्हणून द्रव्य असते, त्याला आमच्या बैठकीत मी हा शब्द सुचवला होता. मंडळींनी तो आदराने ऐकून घेतला आणि शेवटपर्यंत त्या द्रव्याला 'चिकटा' म्हटले.

लातूर उस्मानाबादेपासून वेगळे होऊन नुकता जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या गल्लीत दिगंबर पांचाळ मिस्त्रींचे चाकू-सुऱ्यांचे दुकान होते. तिथे बसणाऱ्या आम्ही चौघांनी मिळून एका चाकूला टिकाऊ मूठ बसवायचे मनावर घेतले, आणि त्यातून जे निघाले ते आजही लातुरात कोणी ना कोणी सांगत असतो. किस्से जमवावे लागत नाहीत. पोत्यातल्या ज्वारीत सोंडे होतात तसे ते आपोआप होतात. पोते हलवले की दिसतात. सांगणारा प्रत्येक जण मात्र आपली फोडणी घालतो. तेव्हा एकदा ते नीट क्रमाने लिहिलेले बरे.

* * *

सुरुवात रसूलभाईंच्या हातापासून झाली.

रसूलभाई नालबंद. बैलांना नाल ठोकणे आणि त्यांचे खूर तासणे हा त्यांचा पिढीजात धंदा. दुष्काळात नालांचे काम बसले, पण खुरांचे वाढले. काम नसलेल्या बैलाचे खूर नखांसारखे वाढत जातात, आणि पाऊस पडल्यावर त्याच बैलाला औताला जुंपायचे असते. म्हणून चाकूरच्या अलीकडे गुरांची छावणी होती, तिथे रसूलभाई दिवसभर बैल पाडून खूर तासत बसत.

त्यांचा चाकू अर्थातच पांचाळ मिस्त्रींचा. मूठ बसवण्याची मिस्त्रींची रीत वाडवडिलांची होती. पात्याची मागची निमुळती शेपटी भट्टीत लाल करायची, मुठीच्या भोकात लाख भरायची आणि तापलेली शेपटी त्यात दाबायची. लाख वितळून धरून बसे.

त्या उन्हाळ्याने लाखेला हरवले. चाकू उन्हातल्या दगडावर जरा राहिला की आतली लाख पुन्हा मऊ होई. एका दुपारी पाते बैलाच्या खुरात रुतून राहिले, मूठ सुटून हातात आली आणि जोराने पुढे गेलेला तळवा थेट उघड्या पात्यावर गेला. टाके घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, शीर थोडक्यात वाचली आहे; पुन्हा तिथेच कापले तर बोटे मिटणार नाहीत. बोटे न मिटणारा नालबंद काय करणार? रसूलभाईंना दुसरे कोणते काम येत नव्हते आणि ते शिकण्याचे वय उलटले होते.

हाताला पट्टी बांधून ते दुकानात आले. रागावले नाहीत. मूठ एका बाजूला आणि पाते दुसऱ्या बाजूला ठेवून एवढेच म्हणाले, "मिस्त्री, आता असा चाकू द्या, की मला बैलाकडं बघता आलं पायजे. चाकूकडं बघत बसलो तर बैल मारंल."

मिस्त्रींनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि निकाल दिला. पात्यात दोष नाही, उन्हात आहे.

खिळे का मारले नाहीत, असे ऐकणारा प्रत्येक जण इथे विचारतो. मारले होते. दुष्काळात वाळलेली बाभूळ खिळा लागताच तडकत होती. आता हा प्रश्न कृपा करून पुन्हा नको.

* * *

चिकट्याची कल्पना भारत कांबळेची. कांबळे चाकूरचा, नव्या जिल्हाकचेरीत कारकून. उस्मानाबादेहून आलेली कागदपत्रे खोक्यांतून काढून कपाटांत लावणे हे त्याचे सरकारी काम, आणि बाभळीच्या मुठी घडवणे हा त्याचा नाद. त्याने दोन नळ्यांचे एक पुडके आणले. त्यातला कागद इंग्रजीत होता, म्हणून समोरच्या घरातल्या मला बोलावणे आले. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि ज्याला एक अवघड भाषा येते त्याला सगळ्याच येतात अशी गल्लीची समजूत होती.

मी समजावून सांगितले. एका नळीत राळ आहे, दुसरीत तिला कठीण करणारे द्रव्य आहे. दोन्ही सारखी घ्यायची.

मिस्त्रींनी विचारले, कडकपणा कशाने येतो? मी म्हटले, दुसऱ्या नळीने. यात माझी काही चूक नव्हती. उत्तर बरोबरच होते. पण सारखे घेण्यात मिस्त्रींना कद्रूपणा दिसला. रसूलभाईंच्या हाताचा प्रश्न असताना हात आखडता घ्यायचा? त्यांनी दुसरी नळी पिळून काढली.

सकाळी मूठ जागेवर होती, पण आतला चिकटा शिजलेल्या डिंकासारखा लवचीक राहिला होता. कांबळेने मूठ धरून चाकू हलवला, तसे पाते डावीकडे-उजवीकडे डोलले.

"मिस्त्री," तो म्हणाला, "चाकू मान हालवून न्हाई म्हणून राहिला."

मिस्त्री म्हणाले की कागदातच काही तरी चूक असणार. आणि कागद मी वाचला होता म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले.

* * *

मग झटपट चिकटा आला. तो काही मिनिटांतच धरतो, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, हे मी स्पष्ट उच्चारांत सांगितले. मिस्त्रींनी मान हलवली. पत्र्याच्या झाकणात दोन्ही द्रव्ये या वेळी समभाग काढली आणि काडीने कालवायला घेतली.

मिस्त्रींना एक सवय होती. हाताला काम लागले की त्यांच्या तोंडून निजामाच्या काळातल्या आजोबांची हकीकत सुरू होई, आणि सुरू झालेली हकीकत ते अर्ध्यावर टाकीत नसत; आजोबांचा अपमान होतो असे त्यांना वाटे. त्या दिवशी आजोबा जहागीरदाराची तलवार घेऊन त्याच्या वाड्याच्या ड्योढीत शिरले, पहारेकऱ्याने अडवले, आजोबांनी उत्तर दिले. उत्तर संपले आणि मिस्त्री काडी उचलायला गेले, तर काडीबरोबर झाकणही वर आले.

त्यांनी काडी ओढली, पिरगाळली, झाकण ऐरणीवर आपटले. काडी मोडली, चिकटा सुटला नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले.

"लई पक्कं हाय," ते म्हणाले.

"आन मूठ?" रसूलभाईंनी विचारले.

मूठ पाट्यावर कोरडीच पडली होती.

* * *

तिसऱ्या खेपेला कांबळेने भोक अगदी शेपटीच्या मापाचे पाडले. घट्ट बसेल तेवढे बरे, हा त्याचा विचार. मिस्त्रींनी लाकडी हातोड्याने शेपटी आत ठोकली. ती इतकी घट्ट गेली की भोकातला सगळा चिकटा काठावरून बाहेर आला. तो मिस्त्रींच्या बोटांना लागला, कांबळेच्या सदऱ्याला लागला, जमिनीला लागला, आणि मी मध्ये बोललो म्हणून माझ्या चष्म्यालाही लागला. वाळल्यावर रसूलभाईंनी ओढून पाहिले. शेपटी स्वच्छ, कोरडी बाहेर आली.

मला हसू येत नव्हते. कांबळे मात्र सदऱ्यावरचा डाग खरवडत म्हणाला, "आमच्या कचेरीतल्या दुष्काळी मदतीवानी झालं, सर. ज्याला पायजे त्याला सोडून बाकी समद्यांला भेटलं."

* * *

यानंतर मिस्त्रींचा लातूरच्या मालावरचा विश्वास उडाला. खरा माल नांदेडला मिळतो, असे त्यांनी ठरवले, आणि कागद वाचायला मला बरोबर घेतले. एसटीच्या खिडकीतून सगळीकडे उघडी काळी राने, आणि आत मिस्त्रींच्या तोंडी आजोबा.

नांदेडच्या दुकानदाराने विचारले, काय चिकटवायचे आहे? मिस्त्री म्हणाले, चाकू. कशासाठी? बैलासाठी. दुकानदाराने आमच्या दोघांकडे पाहिले आणि माल संपला म्हणून सांगितले. माल त्याच्या पाठीमागच्या फळीवर दिसत होता. शब्द निवडून बोलावे, असे मी जन्मभर सांगत आलो. ते माझ्याबरोबर आलेल्या माणसाला सोडून इतरांनी ऐकले असावे. शेवटी 'बैलाच्या खुरांवर उपचार करणाऱ्या इसमाच्या हत्याराची मूठ' असे पूर्ण वाक्य मी उच्चारले, तेव्हा पुडके मिळाले.

परतताना गुरुद्वाराच्या बाजूला एक वृद्ध सरदारजी कृपाणांना मुठी बसवत होते. मिस्त्रींनी पोटतिडकीने सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातातले काम न थांबवता एकच विचारले, "लोहा साफ करते हो ना?"

मिस्त्रींनी पुडके काखेत मारले आणि सरळ स्टँड गाठला. बसमध्ये आजोबासुद्धा बंद. अहमदपूर ओलांडल्यावर मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, माझं लोखंड घाण हाय म्हणून हिणवलं त्येनं."

घरी आल्यावर त्या रागाने त्यांनी नव्या पात्याची शेपटी खरकागदाने घासून अशी लखलखीत केली की तिच्यात भांग पाडावा. चिकटा नांदेडचा, भाग समान, भोक थोडे सैल, आणि कालवताना मिस्त्रींनी तोंडात सुपारी धरलेली. कुठे म्हणून चूक नाही.

वाळल्यावर रसूलभाईंनी ओढले. मूठ निघाली.

एव्हाना त्यांचे टाके निघाले होते आणि ते छावणीवर जायला लागले होते. जुन्याच चाकूची मूठ पुन्हा लाखेने बसवून, वर चिंधी गुंडाळून काम चालले होते, आणि दर बैलामागे एक नजर चाकूकडे जात होती. दुकानात येऊन ते नवा चाकू ओढून बघत, मूठ आणि पाते वेगवेगळे ठेवत आणि काही न बोलता निघून जात. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते.

* * *

अशात जळकोटला मिस्त्रींचे चुलते वारले आणि घराला सुतक आले. सुतकात भट्टी पेटवायची नाही, हा पांचाळांचा नेम. त्याच सुमारास रसूलभाई संध्याकाळी आले, तर चिंधी रक्ताने भिजलेली. जखम वरवरची होती, पण जुन्या खुणेच्या अगदी शेजारी.

मिस्त्रींनी चिंधी सोडून तो हात पाहिला. मग म्हणाले, "भट्टी पेटवीत न्हाई. पर हे थंड काम हाय. थंड कामाला इस्तू लागत न्हाई." विस्तव लागत नसेल तर सुतक मोडत नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांनी पाते घासले, चिकटा कालवला, मूठ बसवली आणि घरात गेले.

वाळल्यावर रसूलभाईंनी ओढले. मूठ आली नाही. कांबळेने पाते चिंधीत धरले आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ओढले. मूठ आली नाही. मिस्त्रींनी ती ऐरणीवर आपटली. ऐरणीला खूण पडली असे ते म्हणतात, ते सोडून द्या.

मग कारणमीमांसा सुरू झाली. कांबळे म्हणाला, हवा. मिस्त्री म्हणाले, चुलत्याचा आशीर्वाद. मी म्हटले की माल तोच, हात तोच, माप तेच. तेव्हा काही तरी या वेळी केले गेले नसणार. त्यावर सगळे आठवू लागले आणि कोणालाच काही आठवेना.

उंबऱ्यात मिस्त्रींच्या पत्नी, पार्वतीकाकू, धान्य निवडत बसल्या होत्या. त्या सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "त्याला तेल कुठं लावलं? सुतक होतं की."

प्रकार असा होता. नवे पाते घडले, की मूठ चढवण्याआधी त्याला देवापुढे ठेवून तेलाचा हात फिरवायचा आणि कुंकवाचे बोट लावायचे, ही त्या घरची रीत. तेल काकूच लावत. ते इतके नित्याचे होते की मिस्त्रींच्या लेखी ते मूठ बसवण्याच्या कामात मोडतच नव्हते. लाखेच्या दिवसांत त्याने काही बिघडत नसे. शेपटी लाल होताना तेल जळून जाई. चिकट्याचे काम थंड. मिस्त्री शेपटीचा आरसा करत, आणि काकू त्या आरशाला तेल लावत. त्यावर देवाच्या बापाचाही चिकटा धरणार नव्हता.

एवढे दिवस आम्ही नळ्यांना, दुकानदारांना, उन्हाला आणि इंग्रजी भाषेला दोष देत होतो.

* * *

पण कारण कळले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. सुतक फिटल्यावर पुन्हा पाती घडायची होती, आणि तेल सोडायला मिस्त्री तयार नव्हते. बापाने सोडले नाही, आजोबाने सोडले नाही. सगळे माझ्याकडे वळले.

"शास्त्रात काय हाय, गुरुजी?"

शास्त्रात याविषयी काहीच नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. हे उत्तर कोणालाही पसंत पडले नाही. एवढे शिकून 'काहीच नाही' म्हणायचे, हे मिस्त्रींना माझ्याकडून अपेक्षित नव्हते. मी कांबळेला विचारले, तुझे काय मत? तो म्हणाला, "सर, आमच्या घरातून देव गेले छप्पन साली. मला इचारलं तर म्या पुसून टाका म्हणीन, आन मिस्त्री मला दुकानातून पुसून टाकतील."

वाद वाढत चालला. मी 'संस्कार' आणि 'उपचार' यांतला फरक समजावून सांगू लागलो. तो कोणी ऐकत नव्हते, आणि मला थांबताही येत नव्हते. शेवटी पार्वतीकाकूंनी सूप खाली ठेवले.

"लेकराला तेल जन्मल्यावर लावत्यात," त्या म्हणाल्या. "मूठ बसल्याबिगर त्यो चाकूच न्हाई. पोटातल्याला तेल लावून राहिलात व्हय आजवर?"

त्या दिवसापासून मूठ वाळली की मग तेल, असा क्रम ठरला. माझ्या माहितीत एवढा नेमका निर्णय कोणत्याही धर्मसभेने दिलेला नाही.

* * *

सुतकातला तो चाकू रसूलभाईंनी छावणीवर नेला, तेव्हा आम्ही तिघेही बरोबर गेलो. हात त्यांचा पणाला लागला होता. त्यांना एकट्याने पाठवणे बरे दिसेना.

पहिलाच बैल एक दांडगा देवणी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि खूर असे वाढलेले की पुढे वळले होते. त्याला दोरांनी पाडले, पाय बांधले, मालक मानेवर बसला. रसूलभाईंनी खूर मांडीवर घेऊन चाकू लावला. हळूहळू त्यांची नजर चाकूवरून बैलाकडे गेली आणि तिथेच राहिली. मिस्त्रींनी मला कोपराने ढोसले.

तेवढ्यात दोर सैल झाला आणि बैलाने पाय झाडला. चाकू खुरात रुतलेला होता, त्यावर सगळा झटका आला. कडकन आवाज झाला. रसूलभाई मागे कलंडले. त्यांची मूठ आवळलेली होती आणि ती उघडायला ते तयार नव्हते.

कांबळेने जाऊन एकेक बोट सोडवले. तळव्यावर ओरखडाही नव्हता. चाकूची मूठ जिथे होती तिथेच होती. पाते मात्र मधोमध मोडले होते. पुढचा तुकडा खुरात, मागचा मुठीत.

मिस्त्री त्या मोडलेल्या कडेकडे पाहत राहिले. पोलाद त्यांचे होते. कोणी काही बोलले नाही, आणि हा आमचा त्या काळातला सर्वांत मोठा सभ्यपणा समजावा.

रसूलभाईंनी हात उघडून मिटून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि ती मूठ मिस्त्रींपुढे धरली. "पातं नवं टाका," ते म्हणाले. "मूठ हीच पायजे. दुसरी मला नगं."

दुकानात आल्यावर मिस्त्रींनी तो मोडका तुकडा सांडशीत आवळला आणि मूठ ओढली. मग पिरगाळली. मग ठोकली. तापवावे तर मूठ जळणार, छिन्नी लावावी तर फुटणार, आणि रसूलभाई समोर बसलेले. कांबळेने एक पाय ऐरणीला लावून जोर केला. मला मिस्त्रींची कंबर धरायला सांगण्यात आले. मी ती धरली. सावल्या लांबल्या, काकूंनी चहा आणला, तो निवला. मूठ केसभरही हलली नाही.

शेवटी मिस्त्रींनी सांडशी खाली टाकली आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "म्या पयल्यापून सांगून राहिलो. ह्या चिकट्याचा भरवसा न्हाई."

लातुरात हा किस्सा सांगताना, मिस्त्री हे हसत हसत म्हणाले, असे सांगतात. ते खरे नाही. मिस्त्री हसत नव्हते.